लादीच्या पोटातलं पांढरं

गेवराई
९ डिसेंबर १९८६

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

काल सकाळी मी बर्फखान्यात एक काम अर्ध्यात सोडून दारात येऊन उभा राहिलो. दूध संघात नोकरीला लागल्यापासून असं कधी केलं नव्हतं. मेळ्याच्या लाद्यांचे पहिले दहा डबे भरायचे होते. पत्र्याच्या उंच डब्यात नळी सोडायची, काठोकाठ भरला की पुढचा. एका डब्यात दहा हंडे पाणी बसतं. नऊ भरले. दहावा अर्धा झाला आणि डोळ्यांपुढे तुमच्या वस्तीवरचा आटत चाललेला आड दिसला. नळी हातात मुडपली गेली, पाणी थांबलं. बाहेर उन्हात उभा राहिलो, देवाचं नाव घेतलं, पुन्हा आत आलो आणि दहावा डबाही भरला. तो अर्धा डबा मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

मेळा संक्रांतीनंतरच्या रविवारी, अठरा तारखेला आहे. यंदाचं आठवं वर्ष. थंड मुलुखात लोक बर्फाच्या मूर्ती कोरतात असा फोटो आमचे चेअरमन मोहनराव यांनी कुठल्याशा मासिकात पाहिला, आणि आपल्याकडे थंडी नसली तरी बर्फखाना आहे, असं म्हणून सुरू केलं. तुला सगळं ठाऊकच आहे. एकोणचाळीस गावच्या दूध संस्था, प्रत्येकीला एक लादी, चाळिसावी आम्हा कामगारांची. पटाशी, वाकस, करवत घेऊन तीन तासांत काय ते करायचं, नाहीतर ऊन खाऊन टाकतं. गेल्या वर्षी एका संस्थेची म्हैस शिंगांपासून वितळली आणि शेवटी गाढव म्हणून बक्षीस घेऊन गेली, तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसत होतीस.

मी यंदाही लिंबागणेशचाच गणपती करणार. लादीच्या मधोमध पांढरं राहतं ना, ते पोटात येईल असं कोरतो. लेकरं त्याला मोदक म्हणतात.

शहादेव आणि सूनबाई ऊसतोडीला गेले असतील. दोन्ही नातींना घेऊन तू ये. शेजारच्या बायनाबाईंनाही आण. आडाला पाणी किती आहे ते कळव.

तुझा
गहिनीनाथ


वस्ती
१८ डिसेंबर

चि. गहिनीनाथास अनेक आशीर्वाद.

धुळाजी पोस्टमननं तुजं पत्र दिलं. डबा भरताना तुला आमचा आड दिसला म्हनतोस. दिसला ते बरं झालं. नळी सोडून उन्हात हुबा ऱ्हायलास आन मंग जाऊन डबा भरलास, ते वाचून मला हसू आलं. ल्हानपनापासून तुजं असंच. आदी हळहळायचं आन मंग सांगितलेलं काम करायचं.

औंदा म्या मेळ्याला येत न्हाई. वस्तीवर सहा घरं, तेरा मानसं उरलीत, सगळी म्हातारी न्हाईतर लेकरं. बाकीची ऊसाला. आडात गुडघाभर पानी हाय. दगडाच्या फटीतून झरा येतो, पर बायनाबाई म्हनती तिच्या डोळ्यातनं त्याच्यापरीस जास्ती पानी येतं. घराला दिसाला दोन हंडे, पाळीनं. कौशल्याबाईनं परवा तिसरा हंडा भरला, तिच्याशी आता कुनी बोलत न्हाई. टँकर गावात येतो, ओढ्याच्या पल्याड. वस्तीवर येत न्हाई, कावून तर वस्तीचं नाव त्यांच्या कागदावर न्हाई. कपिलधारच्या धबधब्याला म्हनं धारच न्हाई, नुसता वला कडा हाय.

शहादेव होळीला येतो. तवर आड टिकला तर आमी टिकलो. न्हाई तर दाराला कडी लावून निगायचं. पन्नास वर्सांत म्या ह्या घराला कदी कडी लावली न्हाई. कोन ना कोन घरात असतंयच.

एक इचारते, राग धरू नको. लादीला दहा हंडे, लाद्या चाळीस. आमच्या वस्तीचा महिना निगतो त्यात. तेवढं पानी तुमी गोठिवता, टोचता, उन्हात ठिवता आन टाळ्या वाजिवता. तुजा गनपती तुला काई इचारत न्हाई का रे?

आमाला त्यातलं काई दे. मूर्ती नको, नुसता बर्फ दे.

तुजी अक्का
सरस्वती


गेवराई
२८ डिसेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मोहनरावांकडे गेलो. टँकर मागितला. ते नाही म्हणाले नाहीत. मेळा झाला की बघू म्हणाले, आत्ता सगळी वाहनं गावोगाव आमंत्रणं आणि मांडवाचं सामान पोचवण्यात आहेत. मेळ्याच्या लाद्यांपैकी काही द्याल का, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या लाद्या संस्थांच्या नावे लावून ठेवलेल्या आहेत. चांगला, विकाऊ माल संघाचा. तो आपल्या माणसासाठी मागणं मला जमलं नाही. हातानं उचलणं तर लांबच राहिलं.

पण बर्फखान्याच्या मागं आठ लाद्या बाजूला काढलेल्या होत्या. जुन्या डब्यांतल्या. मध्ये जरा जास्तच पांढऱ्या आणि ठिसूळ, कोरायच्या कामाच्या नाहीत म्हणून टाकून दिलेल्या. त्या मागितल्या. मोहनराव म्हणाले, घेऊन जा, विचारतोस काय.

काल बंकट ड्रायव्हरच्या गाडीत भुशात गुंडाळून आठही पाठवल्या. पाठवण्याआधी प्रत्येकीचा कोपरा फोडून जिभेवर ठेवला. सगळ्या गोड्या आहेत. घरात ठेवायला भांडी पुरणार नाहीत, म्हणून बंकटला सांगितलं होतं की सरळ आडात सोड. आडात गारवा असतो, सावकाश वितळतील, पाणी वाया जायचं नाही. ऐंशी हंडे म्हणजे तुमचा आठवडा झाला. पुढचं देव बघेल.

मिळाल्याचं कळव. लेकरांनी बर्फ खाल्ला का तेही लिही.

तुझा
गहिनीनाथ


वस्ती
४ जानेवारी १९८७

चि. गहिनीनाथास अनेक आशीर्वाद.

बंकट येऊन गेला. लाद्या मिळाल्या. सगळ्यांनी मिळून आडात सोडल्या. पोरींनी बर्फ चाटला, खुश झाल्या. पानी बरं हाय. तू काळजी करू नको. तुजी तब्येत सांभाळ, मेळ्याची कामं लई असतील.

एक इचारायचं होतं. कौशल्याबाईच्या म्हायेरी एका आडाचं पानी खारं झालंय म्हनं. असं पानी किती दिसांनी गोडं होतं असतं? तू यंत्रावरचा मानूस, तुला ठावं असंल.

बाकी सगळं ठीक.

तुजी अक्का
सरस्वती


गेवराई
९ जानेवारी

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि छातीवरचा दगड उतरला. मात्र एवढं मवाळ पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, यात एकही टोमणा नाही, हे वन्संचं पत्र नव्हेच. मी म्हटलं, पोटभर पाणी मिळालं की माणूस निवतं.

कौशल्याबाईंना सांग, खारं झालेलं पाणी आपोआप गोडं होत नाही. उलट आटत जाईल तसं जास्त खारं होतं. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. सगळं उपसून तळ धुऊन काढणं हा एकच उपाय, आणि झरा जिवंत असेल तरच तो करावा.

इकडे मेळ्याची तयारी जोरात आहे. चाळीसच्या चाळीस लाद्या नव्या डब्यांत गोठवून झाल्या, काचेसारख्या उतरल्या आहेत. लेकरांच्या घसरगुंडीसाठी दोन वेगळ्या. मोहनरावांच्या मनात यंदा मला शाल द्यायची आहे. आठ वर्षं गणपती केला म्हणून. मला संकोच वाटतो, पण त्या दिवशी संकष्टीही आहे, तेव्हा देवाच्या नावानं घ्यावी म्हणतो.

तू असतीस तर बरं वाटलं असतं.

तुझा
गहिनीनाथ


वस्ती
१४ जानेवारी, संक्रांत

गहिनीनाथ,

आज तीळगूळ लिहायचा दिवस, पर म्या दुसरंच लिहिते.

कौशल्याबाईच्या म्हायेरी काई झालं न्हाई. आपलाच आड खारा झाला.

पयल्या दिशी गोडं होतं. दुसऱ्या दिशी पोरी म्हनल्या, आजे, पानी कसंतरी लागतंय. तिसऱ्या दिशी डाळ शिजंना. बायनाबाईच्या शेळीनं तोंड लावलं आन बाजूला झाली. मंग पोरींना जुलाब लागले. धाकटी लई उतरली. आता बरी हाय, पर डोळे मोठे झालेत तिचे.

तुला कळवायचं न्हाई असं ठरिवलं. तू एकटाच हायेस आमाला इचारनारा. पानी दिलं त्याला कसं म्हनू की तुज्या पान्यानं आमचं पानी गेलं. म्हनून कौशल्याबाईच्या म्हायेरचं नाव घातलं. वाटलं तू लिहिशील की आठ दिसांत निवळतं. तू लिहिलंस उपसा.

उपसला. दोन दीस, आमी म्हाताऱ्या आन लेकरांनी, पोहऱ्यानं. तळ फडक्यानं पुसला. तुजं खरं हाय, आता मीठ न्हाई. पानी बी न्हाई. झरा सकाळपासून दुपारपस्तोर एक हंडा देतो. तेरा मानसं, एक हंडा.

कौशल्याबाईनं गाय सोडून दिली. म्या सोमवारी निगते पोरींना घेऊन, शहादेवच्या ऊसाच्या तळावर. बाकीचेबी ज्याच्या त्याच्या पोरांकडं. घराला कडी लागनार.

तू वाईट वाटून घिऊ नको. चांगलं करायला गेलास. पर एक सांगते. आमाला टाकलेलं कावून दिलंस? चांगलं तुज्याजवळ होतं.

अक्का


वस्ती
२० जानेवारी, मंगळवार

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

हे पत्र शहादेवच्या तळाच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुला मिळेल तेव्हा मिळेल. मी तुझ्या ओट्यावर बसून लिहितो आहे. तुझ्या दाराला कडी आहे आणि ती मी उघडलेली नाही.

तुझं पत्र मला शनिवारी मिळालं. तसाच बर्फखान्यात गेलो आणि जुने डबे एकेक करून उन्हाकडे धरले. सात-आठ डब्यांच्या तळाच्या सांध्यात सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. डबे ज्या टाकीत बुडवतो तिच्यात मिठाचं पाणी असतं, ते गोठत नाही म्हणून. त्या भोकांतून ते आत गेलं होतं. आणि अक्का, बर्फ बाहेरून आत गोठत जातो. जे गोठायला तयार नसतं त्याला तो आत ढकलत नेतो. सगळं मीठ लादीच्या पोटात जमा झालं आणि मी कोपरे चाखत बसलो. गेली सात वर्षं मी त्या पांढऱ्याभोवती देव कोरतो आहे. ते काय असतं हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नाही. तरी एकाही लादीचं पोट मी फोडून बघितलं नाही. टाकाऊ माल मागून घेतला, संघाच्या चांगल्या मालाला हात लावला नाही, यातच माझं मन निवलं होतं.

मोहनरावांना सगळं सांगितलं. ते मांडवात खुर्च्या मोजत होते. त्यांनी खरोखर मान खाली घातली. मग म्हणाले, "गहिनीनाथ, चाळीस गावची माणसं उद्या बायकापोरांना घेऊन येणार. वर्षभर शेणामुतात राबतात, त्यात हा दुष्काळ. एक दिवस त्यांची लेकरं हसली तर तुझ्या वस्तीचं पाणी का आटणार आहे? सोमवारी टँकर पाठवतो. माझा शब्द आहे." त्यात खोटं काही नव्हतं. मी हात जोडले आणि निघालो. बर्फखान्यापर्यंत गेलो आणि तिथं मला तुझा प्रश्न आठवला, आमाला टाकलेलं कावून दिलंस.

रविवारी उजाडता उजाडता आंघोळ करून बर्फखाना उघडला. बंकटला ट्रक मागं लावायला सांगितला. त्यानं विचारलं, "मालकांनी सांगितलंय का?" मी म्हटलं, "नाही." त्यानं कान खाजवला, ट्रकचा मागचा फळका खाली पाडला आणि म्हणाला, "मंग लवकर ओढा की. लोकं यायला लागतील."

चाळीसच्या चाळीस लाद्या घेतल्या. घसरगुंडीच्या दोन मात्र तिथंच ठेवल्या. त्या लेकरांच्या होत्या. टेबलावर मोहनरावांसाठी चिठ्ठी ठेवली, की लाद्या मी नेल्या आहेत, विचारून नेलेल्या नाहीत, ही चोरी आहे आणि ती माझ्या एकट्याची आहे. चिठ्ठीवर किल्ली ठेवली. आम्ही हमरस्त्याला लागलो तेव्हा समोरून पहिल्या बैलगाड्या येत होत्या. बायका नव्या लुगड्यांत, पोरांच्या हातात तीळगूळ. एका गाडीतला ओळखीचा म्हातारा मला हात करून ओरडला, "गनपतीला उशीर करू नका." मी हात वर केला. वाटभर मला त्याचं तोंड दिसत होतं.

ओढा ओलांडून वस्तीवर आलो तर दारोदार कड्या. मला वाटलं होतं तू सोमवारी निघणार. तुझ्या ओट्यावर बायनाबाई शेळीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की शनिवारी दुपारी उसाच्या तळाकडं जाणारा ट्रॅक्टर मिळाला, त्यात सगळे बसले. "तुजी अक्का आडापाशी गेली, कठड्याला हात लावला, आन चढली. म्या न्हाई गेले. मला कोन नेतंय, आन शेळीला कोन नेतंय." मी विचारलं, कालपासून काय प्यालात. त्या म्हणाल्या, झरा आता एकटीपुरता आहे.

 बंकट म्हणाला, मास्तर, परत न्यायचं का? आत्ता निघालो तर मेळ्याला पोचतो. चाळीस लाद्या भुशाखाली पाझरायला लागल्या होत्या आणि ज्यांच्यासाठी आणल्या ते कुणीच नव्हतं. परत नेल्या असत्या तर कदाचित शालही मिळाली असती.

मी पहार घेतली आणि पहिली लादी मधोमध फोडली. पोटातलं पांढरं काढून तोंडात धरलं. संकष्टीचा उपास होता, पाणी चालतं. गोडं होतं. मग दुसरी फोडली, तेही चाखलं. अशा चाळीस. शेवटी जीभ बधिर झाली. म्हणून दर दहा लाद्यांमागे थांबून वितळलेलं पाणी ओंजळीत घेऊन पुन्हा प्यायलो. एकेक तुकडा फळीवरून घसरवत आडात सोडला. दुपार टळेपर्यंत दोघांनी तेवढंच केलं. आड पांढरा झाला, आतून वाफ यावी तसा धूर येत होता. आडाच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकून वर भुसा पसरला.

संध्याकाळी तांब्याभर काढलं आणि बायनाबाईंपुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

"आदी तू पी."

मी प्यायलो. अर्धा तांब्या झाला तर म्हणाल्या, "समदा." समदा प्यायलो. मग त्या बसून राहिल्या, माझ्या तोंडाकडे बघत. दिवस बुडाला. शेवटी म्हणाल्या, "उंद्या सकाळी बगू," आणि शेळीला घेऊन आपल्या घरात गेल्या. काल सकाळी त्यांनी पुन्हा मला आधी प्यायला लावलं. दुपारी शेळीला पाजलं. आज सकाळी स्वतः एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग हंडा घासून ठेवला.

काल बंकट सायकलवर येऊन गेला. मेळ्यात घसरगुंडीच्या दोन लाद्या संपेपर्यंत लेकरं खेळली. मग लोकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि गाड्या जुंपल्या. कुणी शिव्या दिल्या, कुणी नाही. मोहनरावांनी माझी चिठ्ठी वाचून खिशात ठेवली, माईकवर तब्येतीचं कारण सांगितलं. सोमवारचा टँकर आला नाही. मला ऑफिसात बोलावलं आहे. त्यापुढे काय होईल ते बंकटलाही ठाऊक नाही. रविवारी त्याच्याच हाती घरी बायकोला निरोप दिला होता. ती म्हणाली म्हणे, वन्संच्या घराला कडी आहे ना, मग तिथंच थांबा.

अक्का, आडात आता छातीभर आहे आणि अजून बर्फ तरंगतो आहे. झरा त्यात भर घालतो आहे. तेरा माणसं होळीपर्यंत पुरवून पितील. पण तू सहज विश्वास ठेवणार नाहीस, आणि ठेवू नये. वस्तीवर कुणी नसताना आडात कुणी काय टाकलं, हे तुम्हाला परत कधी विचारावं लागू नये. म्हणून मी ऑफिसात गेलो नाही. कठड्याशी घोंगडी टाकली आहे. पोरींना घेऊन तू येशील तोवर रोज उजाडल्यावर पहिला तांब्या मी काढतो आणि बायनाबाईंसमोर सगळा पितो. आज तिसरा दिवस आहे.

तुझा
गहिनीनाथ